रेट लिस्टचं फोल्डर बंद, तरी फाइल उघडते! पोर्टलवरच्या परवानग्यांचा घोळ

ताणाबाणा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे. ‘याला कॉम्प्युटरचं कळतं’ असा शिक्का एकदा बसला की सर्व्हरही आपल्याच गळ्यात पडतो, तसं माझं झालंय. काही वर्षांपूर्वी मालकांनी एका व्हेंडरकडून डीलरांसाठी पोर्टल, म्हणजे लॉगिन करून रेट बघायची वेबसाइट, करून घेतलं. लायफरे ७.४ (अशी पोर्टलं बनवायचं सॉफ्टवेअर), बिनपैशाची कम्युनिटी आवृत्ती, ऑफिसातल्याच एका उबुंटू (लिनक्स) मशीनवर. व्हेंडरने गाशा गुंडाळला, आता फोनही उचलत नाही.

मांडणी अशी आहे. ‘रेट लिस्ट’ नावाचं मोठं फोल्डर, त्याच्या पोटात तेलंगण, कर्नाटक, मराठवाडा आणि एक्स्पोर्ट अशी चार. प्रत्येक भागाच्या डीलरांचा वेगळा यूजर ग्रुप, त्या ग्रुपला एक रोल (म्हणजे हक्कांचा गठ्ठा), आणि त्या रोलला फक्त आपापल्या फोल्डरचा व्ह्यू, म्हणजे बघण्याचा हक्क. वरच्या ‘रेट लिस्ट’ला फक्त ऑफिसच्या माणसांचा रोल.

आज दुपारी मराठवाड्यातल्या एका डीलरने मालकांच्या व्हॉट्सॲपवर तेलंगणाच्या रेट लिस्टचा फोटो टाकला. खाली एकच ओळ: ‘३० बाय ६० चा तोच टॉवेल तिकडं सहा रुपयांनी स्वस्त कसा काय, शेठ?’

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, ‘कुलूप लावलंय म्हणाला होतास ना?’

मी तेलंगण फोल्डरच्या परवानग्या आठ वेळा तपासल्या. बरोबर आहेत. त्या डीलरला ते फोल्डर दिसतसुद्धा नाही. मग फाइल उघडली कशी?

सातरस्ता | सोमवार, रात्री ९:५८

पासवर्ड फिरला असणार, दुसरं काय. डीलरचं लॉगिन म्हणजे डीलर, त्याचा मुलगा, भाचा आणि दुकानातला पोरगा. तेलंगणवाल्याने दिला असेल पाहुण्याला.

ताणाबाणा | सोमवार, रात्री १०:०५

मलाही तेच वाटलं होतं. पण यूजरच्या यादीतून ‘इम्पर्सोनेट’ करून त्या मराठवाडा डीलरच्याच नावाने आत गेलो. फोल्डर दिसत नाही. मालकांच्या फोनवरून त्याच्याकडून मागवलेली फाइलची लिंक चिकटवली, तर फाइल धडधडीत उघडली.

जुळे सोलापूरची ताई | सोमवार, रात्री १०:२२

दादा, आता एक करा. तीच लिंक इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता उघडा.

ताणाबाणा | सोमवार, रात्री १०:२६

उघडली बे!!!

माफ करा ताई, तुम्हाला नाही म्हणालो. तोंडातून गेलं. म्हणजे जगातल्या कुणालाही उघडते?

जुळे सोलापूरची ताई | सोमवार, रात्री १०:५१

‘बे’चं काही नाही, मीही इथलीच आहे.

हो, लिंक ज्याच्या हातात त्याला उघडते. तुमची समजूत अशी दिसते की फोल्डर म्हणजे कपाट. कपाटाला कुलूप लावलं की आतलं सगळं सुरक्षित. लायफरेत तसं नसतं. फोल्डरच्या परवानग्या फोल्डरपाशी आणि प्रत्येक फाइलच्या त्या फाइलपाशी, अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. फाइल चढवताना खाली ‘कोणाला दिसावी’ असा पर्याय येतो: कुणालाही म्हणजे गेस्ट रोल (लॉगिन न केलेलेही), साइटचे सदस्य, किंवा फक्त ओनर, म्हणजे ती फाइल चढवणारा. घाईत कोणी तो बघत नाही. तिथे ‘कुणालाही’ राहिलं, की त्या फाइलच्या नोंदीत गेस्टला व्ह्यू मिळाला. पुढे तुम्ही फोल्डरच्या परवानग्या कितीही आवळल्या तरी आधी चढवलेल्या फाइलींच्या नोंदी आपोआप बदलत नाहीत.

पण तरीही ही फाइल उघडायला नको होती. लायफरेमध्ये एक सेटिंग मुळातच चालू असतं. त्यामुळे फाइल बघायची तर तिच्या फोल्डरचा आणि त्याच्या वरच्या सगळ्या फोल्डरांचाही व्ह्यू लागतो. म्हणजे फाइल उघडी राहिली तरी फोल्डरपाशी अडते. तुमच्याकडे ती अडलेली नाही. सर्व्हरवर पोर्टल-एक्स्ट डॉट प्रॉपर्टीज नावाची फाइल शोधा आणि त्यात ‘परमिशन्स डॉट व्ह्यू डॉट डायनॅमिक डॉट इनहेरिटन्स’ अशी ओळ आहे का ते बघा.

उबुंटूकाका | सोमवार, रात्री ११:१०

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलंय. ताणाबाणा, फाइल नुसती बघा. रात्री अकरा वाजता काही बदलू नका. रात्रीच्या बदलांनी मी आयुष्यात तीन सर्व्हर झोपवलेत.

ताणाबाणा | मंगळवार, सकाळी ११:३५

सापडली. ती ओळ आहे आणि तिच्यापुढे ‘फॉल्स’, म्हणजे बंद, लिहिलंय. वर व्हेंडरच्या माणसाची टीप: ‘तात्पुरतं. डीलरला रेट दिसत नाही म्हणून.’

चार पावसाळे गेले त्या तात्पुरत्याला.

सातरस्ता | मंगळवार, सकाळी ११:५०

मग ट्रू करा आणि मोकळे व्हा. हाय काय नाय काय.

पुण्यातला सोलापुरी | मंगळवार, दुपारी १:१५

थांबा, थांबा. सातरस्ता भाऊ, असं करू नका. ट्रू केल्या क्षणी सगळ्या डीलरांची रेट लिस्ट बंद होईल आणि दहा मिनिटांत ताणाबाणांचा फोन वाजायला लागेल.

का ते बघा. वरच्या ‘रेट लिस्ट’ला फक्त ऑफिसचा रोल आहे, असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. तेलंगणवाल्याला तेलंगण फोल्डरचा व्ह्यू आहे, पण त्याच्या वरच्या फोल्डरचा नाही. साखळी वरच तुटते. पोर्टल सुरू झालं तेव्हा नेमकं हेच झालं असणार. डीलर ओरडले, व्हेंडरच्या पोराने साखळी जोडायची सोडून साखळी तपासणंच बंद करून टाकलं. त्या दिवशी त्याचं काम झालं, बिल पास झालं.

मी अनेक वर्षं आयबीएमच्या वेबस्फिअर पोर्टलवर काम केलं, आता ते एचसीएलकडे आहे. तिथली पद्धत उलटी आहे, आणि ती कळली की हा विषय डोक्यात पक्का बसतो म्हणून जरा लांबण लावतो. तिथे रोल म्हणजे दोन गोष्टींची जोडी: कामाचा प्रकार आणि ज्यावर ते काम करायचं ती वस्तू. म्हणजे नुसता ‘एडिटर’ असं काही नसतं, ‘या पानाचा एडिटर’ असतो. एकदा वरच्या पानाचा एडिटर केला की खालच्या सगळ्या पानांवर तो हक्क आपोआप झिरपतो. नको असेल तिथे बांध घालायचा. बांधाचे प्रकार दोन. एक वस्तू म्हणते, वरून आलेलं मला नको. दुसरी म्हणते, माझ्याकडचं खाली जाणार नाही. गंमत अशी की ॲडमिनिस्ट्रेटर आणि सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेटर या दोघांना हे बांध लागूच होत नाहीत. एका गिऱ्हाइकाकडे मी पगाराच्या पानाला बांध घालून निवांत झालो होतो, आणि तिथे हौसेने सात जणांना ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवलेलं होतं. सातही जण एकमेकांचे पगार वाचत होते.

तर तिथे हक्क वरून खाली येतो आणि आपण अडवतो. लायफरेत हक्क खाली येत नाही, पण वरची वाट बंद असली तर खालचा हक्क निरुपयोगी होतो. दोन्हीला लोक बोलताना ‘इनहेरिटन्स’, म्हणजे वारसाच म्हणतात, म्हणून गल्लत होते.

कडकभाकरी | मंगळवार, दुपारी १:४०

मी नुसता वाचतोय. आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर सगळ्यांना सगळं दिसतं, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही 😀

सातरस्ता | मंगळवार, दुपारी २:०५

बरं, चुकलं माझं. पण मग मराठवाडा डीलरांच्या रोलला तेलंगण फोल्डरवर ‘डिनाय’ (म्हणजे स्पष्ट मनाई) मारलं तर? विंडोजच्या सर्व्हरवर आम्ही तसंच करतो. डिनाय सगळ्यात वरचढ.

उबुंटूकाका | मंगळवार, दुपारी ४:३०

लायफरेत डिनाय नाहीच. तिथे फक्त बेरीज आहे. माणसाचे जितके रोल, तितक्यांचे हक्क एकत्र. एका रोलने दिलं आणि दुसऱ्याने दिलं नाही, तर मिळालं.

आणि विंडोजमध्येसुद्धा ‘डिनाय सगळ्यात वरचढ’ हे अर्धंच खरं आहे. फाइलवर थेट लिहिलेलं अलाव (परवानगी) हे वरच्या फोल्डरमधून आलेल्या डिनायला हरवतं. क्रम असा: थेट डिनाय, थेट अलाव, मग वारशाने आलेलं डिनाय, शेवटी वारशाने आलेलं अलाव. नेक्स्टक्लाउड या फाइली ठेवायच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रुप फोल्डरांची तिसरीच तऱ्हा. माणूस दोन ग्रुपमध्ये असेल, एकाला अलाव आणि एकाला डिनाय, तर अलाव जिंकतं. तीन घरं, तीन रीती. ‘तिकडं चालतं म्हणून इकडंही चालेल’ हे धरून चाललात की फसलात.

माझं स्वतःचं मत विचाराल तर डिनायच्या नादाला लागूच नये. डिनाय लिहावंसं वाटलं की समजावं, ग्रुप चुकीचे पाडलेत.

जुळे सोलापूरची ताई | मंगळवार, सायंकाळी ६:१५

काकांशी सहमत. आता ताणाबाणा दादांसाठी क्रम सांगते.

आधी डेटाबेसचा आणि फाइलींच्या साठ्याचा बॅकअप. मग वरच्या ‘रेट लिस्ट’ला सगळ्या डीलर रोलांचा व्ह्यू द्या, फक्त व्ह्यू. त्याने त्यांना बाहेरचं दार ओलांडता येईल. आतल्या चार खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडेच राहतील. मग फाइलींवरचा गेस्टचा व्ह्यू काढा आणि त्या त्या भागाचा रोल द्या. सेटिंग ट्रू करून सर्व्हर बंद-चालू करायचं ते सगळ्यात शेवटी, कारण ती फाइल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते.

उलट्या क्रमाने केलंत तर पुण्याच्या सरांनी सांगितलेले फोन येतील.

पुण्यातला सोलापुरी | मंगळवार, सायंकाळी ६:४०

ताई, एक भर. वरच्या फोल्डरला डीलरांचा व्ह्यू देण्याआधी, त्या फोल्डरमध्ये कोणत्याही उपफोल्डरात नसलेल्या, सुट्या फाइली पडल्यात का ते बघायला सांगा. त्या गेस्टला उघड्या असतील तर आजवर निदान यादीत दिसत नव्हत्या. दार उघडल्यावर थेट नजरेस पडतील.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ८:०२

सर, तुमच्या तोंडात शेंगा चटणी पडो.

तीन सुट्या फाइली निघाल्या. दोन जुन्या रेट लिस्टा. तिसरीचं नाव ‘कॉस्टिंग फायनल फायनल’. सुताचा भाव, डाइंग, मजुरी, लाइट बिल, नगामागे आमचा नफा, सगळं एका पानात. तीही गेस्टला उघडी. सहा रुपयांसाठी मालक इतके गप्प झाले, हे पाहिलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको. ती आधी ऑफिसच्या फोल्डरात हलवली, तिचा गेस्ट काढला, मग पाणी प्यायलो.

आता पुढची अडचण. चार फोल्डरांत मिळून साडेतीनशेच्या वर फाइली आहेत. एकेका फाइलचा तीन ठिपक्यांचा मेनू उघडून परवानगी बदलायची म्हणजे दिवाळी येईल. दुसरा मार्ग?

उबुंटूकाका | मंगळवार, रात्री ८:४५

आधी कोणत्या उघड्या आहेत ते मोजा. डेटाबेसमध्ये ‘रिसोर्सपरमिशन’ नावाचं टेबल आहे, सगळ्या परवानग्या तिथेच असतात. त्यात ‘स्कोप’ नावाचा रकाना बघा. ४ म्हणजे ती ओळ एका ठरावीक वस्तूसाठी, इथे एका फाइलसाठी. २ म्हणजे पूर्ण साइटसाठी, १ म्हणजे अख्ख्या पोर्टलसाठी. वस्तूच्या नावाच्या रकान्यात ‘डीएलफाइलएंट्री’ने संपणारं लांबलचक नाव असलेल्या ओळी तुमच्या फाइलींच्या. रोलच्या रकान्यात गेस्ट रोलचा आकडा लावून गाळा.

‘ॲक्शनआयडीज’ रकान्यात एक संख्या दिसेल. प्रत्येक हक्काचं एक वजन असतं, १, २, ४, ८ असं दुपटीने वाढणारं, आणि दिलेल्या हक्कांची बेरीज तिथे लिहिलेली असते. व्ह्यूचं वजन १. म्हणजे संख्या विषम असेल तर व्ह्यू आहे, सम असेल तर नाही. फार हिशेब नको.

पण टेबलात फक्त बघा. हाताने बदल करू नका. पोर्टल ह्या नोंदी कॅशमध्ये (तात्पुरत्या आठवणीत) धरून ठेवतं आणि सर्चच्या इंडेक्समध्येही कुणाला काय दिसतं हे लिहून ठेवतं. तुम्ही खाली टेबल बदलाल आणि वर जुनंच दिसत राहील. बदल करायचा तो सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या स्क्रिप्टच्या खिडकीतून, ग्रूव्ही नावाच्या भाषेत, पोर्टलच्या स्वतःच्या सर्व्हिसला हाक मारून. झाल्यावर कॅश साफ आणि सर्च पुन्हा इंडेक्स.

जुळे सोलापूरची ताई | मंगळवार, रात्री ९:३०

स्क्रिप्ट मी लिहून देते, मेसेजमध्ये पाठवते. आधी फक्त यादी छापेल, बदल करणार नाही. यादी मालकांना दाखवा, त्यांनी होय म्हटल्यावर बदलाची ओळ उघडा. आणि पहिल्यांदा एकाच फाइलवर चालवा.

एक प्रश्न मात्र मगाचपासून टोचतोय. चार भागांचे चार ग्रुप ठीक. पण सेल्समन? ते तर दोन-तीन भागांत फिरतात. ते कोणत्या ग्रुपमध्ये आहेत?

ताणाबाणा | बुधवार, सकाळी १०:२०

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून बघितलं. ‘सेल्स’ नावाचा एक यूजर ग्रुप आहे. त्याच्या रोलला फोल्डरवर काही दिलेलंच नाही. अख्ख्या पोर्टलवर सगळ्या फाइलींचा आणि फोल्डरांचा व्ह्यू दिलाय. काकांचा तो स्कोप १.

आणि त्या ग्रुपमध्ये ९ जण. त्यातला एक दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला. कुठे, ते लिहीत नाही. पण तोही टॉवेलच विकतो.

सातरस्ता | बुधवार, सकाळी १०:३१

अरारारा.

पुण्यातला सोलापुरी | बुधवार, दुपारी १२:५०

त्याचं खातं आत्ता, या क्षणी निष्क्रिय करा. डिलीट नको, डीॲक्टिव्हेट. त्याने चढवलेल्या फाइलींवर त्याचं नाव आहे, ते नंतर लागेल. मग उरलेली चर्चा.

स्कोप १ च्या रोलला फोल्डरवरच्या कुलपांची पर्वा नसते. काकांनी सांगितलेली बेरीज इथे येते: पोर्टलभरचा हक्क एका रोलने दिला, आता कोणत्याही फोल्डरने तो रोखता येत नाही. साडेतीनशे फाइली नीट केल्या असत्या तरी हे भोक तसंच राहिलं असतं.

ग्रुप पाडताना एक सांगतो. ग्रुपचं नाव माणसांवरून किंवा खात्यावरून ठेवलं की असं होतं. ‘सेल्स’ला काय दिसायला हवं, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, म्हणून सगळंच दिलं जातं. कामावरून नाव ठेवा: ‘तेलंगण रेट बघणारे’, ‘तेलंगण रेट बदलणारे’, ‘कॉस्टिंग बघणारे’. तेलंगणात फिरणारा सेल्समन पहिल्यात. कर्नाटकातही फिरत असेल तर तिकडच्याही बघणाऱ्यांत. रोल एकदा ग्रुपला जोडला की परवानग्यांच्या पानाला पुन्हा हात लावायचा नाही. पुढचं सगळं काम माणसं ग्रुपमध्ये घालणं आणि काढणं एवढंच.

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, बघा. कोणत्या काठीचा मान कोणाकडे ते ठरलेलं असतं. धरणारी माणसं वर्षागणिक बदलतात, काठीचा क्रम बदलत नाही.

कडकभाकरी | बुधवार, दुपारी १:०५

सर, पुण्यात राहून गड्ड्याची आठवण येणारच. पण काठी धरणाऱ्याला महिनाभर आधी सराव करावा लागतो हो. इथे तर पहिल्याच दिवशी ॲडमिन करतात.

सातरस्ता | बुधवार, दुपारी १:२०

मला एक सांगा, एवढे ग्रुप केले तर चार भागांचे बघणारे-बदलणारेच आठ झाले. छोट्या कारखान्याला झेपतं का हे?

उबुंटूकाका | बुधवार, दुपारी ३:४०

रास्त प्रश्न आहे. आठाचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही, मग कोणता कशाचा ते करणाऱ्यालाही आठवत नाही. ‘बदलणारे’ भागवार कशाला? रेट बदलणारी माणसं ऑफिसात दोनच असणार. त्यांचा एकच ग्रुप पुरे. बघणारे चार, बदलणारे एक, कॉस्टिंग एक. सहा. ज्या दोन ग्रुपांमध्ये कायम तीच माणसं असतात, ते दोन ग्रुप नसतात.

जुळे सोलापूरची ताई | बुधवार, सायंकाळी ७:००

आणि प्रत्येक ग्रुपचं एक खोटं खातं ठेवा: ‘चाचणी तेलंगण’, ‘चाचणी मराठवाडा’ वगैरे. बदल केला की प्रत्येकात इम्पर्सोनेट करून जायचं आणि दोन गोष्टी बघायच्या. जे दिसायला हवं ते दिसतं का, आणि जे दिसायला नको त्याची थेट लिंक चिकटवली तर काय होतं. लोक पहिलीच बघतात. तुम्हीही सोमवारी फोल्डर दिसत नाही एवढं बघून थांबला होता. शेवटी इनकॉग्निटो.

मी कॉलेजात मुलांना हेच करून दाखवते. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१च्या यादीत वेब ॲप्लिकेशनमधल्या धोक्यांत परवानग्यांचा घोळ पहिल्या क्रमांकावर आहे, २०१७ला पाचवा होता. मुलांना हॅकर म्हणजे काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं वाटतात. इथे कोणी हॅक केलंय? एका पाहुण्याने दुसऱ्या पाहुण्याला लिंक पाठवली.

ताणाबाणा | शनिवार, दुपारी ४:१५

मंडळी, अपडेट.

यादी छापली. ३६२ फाइलींपैकी २९८ गेस्टला उघड्या होत्या. मालकांसमोर ठेवली. ते बराच वेळ कागद बघत बसले, मग म्हणाले, ‘सेल्समनला कॉस्टिंग दिसत होतं?’ हो म्हणालो. काही बोलले नाहीत. पण सहा ग्रुपांत कोण कोण, हे त्यांनी स्वतः बसून ठरवलं. आजवर ते मीच ठरवत होतो, अंदाजाने. तासभर लागला. दोन नावांवर मालक आणि त्यांच्या धाकट्या भावात चांगलीच जुंपली. तेव्हा कळलं की हे काम माझं नव्हतंच.

काल रात्री पाळी संपल्यावर ताईंची स्क्रिप्ट आधी एका फाइलवर, मग सगळ्यांवर चालवली. ‘सेल्स’चा पोर्टलभरचा हक्क काढला. सेटिंग ट्रू केलं, टॉमकॅट (पोर्टल ज्यावर चालतं तो सर्व्हर) बंद-चालू. सर्च पुन्हा इंडेक्स. सहा चाचणी खाती आणि इनकॉग्निटो, सगळीकडून ती तेलंगणाची लिंक टाकून बघितली. जिथं उघडायला हवी तिथंच उघडली.

सकाळपासून तीनच फोन आले. दोन सेल्समनचे, ‘दुसऱ्या भागाचे रेट दिसत नाहीत’ म्हणून. त्यांना मालकांकडे पाठवलं. तिसरा फोन त्या मराठवाडा डीलरचा. त्याला लिंक उघडेना. तो रागावलेला नव्हता, फक्त विचारत होता, ‘मग तो सहा रुपयांचा फरक आता आम्हालाही मिळणार की नाही?’

ते मात्र परवानग्यांच्या पानावर नाही.

सातरस्ता | शनिवार, दुपारी ४:४०

भारी काम. आता आमच्याकडचा सर्व्हर कधी बघायला येता?

ताणाबाणा | शनिवार, दुपारी ४:५२

सोमवारी फोन करा. आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, टाकी भरायला पळतो.